काठाबाहेरचं लोखंड

आमच्या गावच्या खाडीत मोठ्या ओहोटीला एक लोखंडी सांगाडा दिसतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी फार मागे हटतं, तेव्हा चिखलातून त्याचं एक टोक वर येतं. गंजलेलं, कालवांचे शिंपले चिकटलेलं. नवीन माणसाला वाटतं, कुठल्यातरी जुन्या पुलाचं असेल. गावातल्या बोटी त्याला वळसा घालून जातात. तो तिथे का पडला आहे हे कळंबमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि म्हणूनच त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी सांगते, कारण गेल्या वर्षी मला तो मोजावा लागला.

मी मूळची उमेळ्याची. माहेरी केळी, भाजीपाला, थोडा भात होता. आता तिथे इमारती आहेत. वालीवला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागले, तिथे लेथवर काम करणाऱ्या मुलाशी ओळख झाली. तो कळंबचा, कोळ्याचा मुलगा, पण बोटीवर पाय ठेवला की उलट्या करायचा. शेवटी घरच्यांनी बोटीचा नाद सोडून त्याला आयटीआयला घातलं होतं. आमचं लग्न झालं तेव्हा माझ्या माहेरच्यांनी बोलणं टाकलं. मुलगा झाल्यावर बघायला आले. पुढे आम्ही दोघांनी वालीवलाच स्वतःचा गाळा घेतला. गेट, ग्रिल, जिने, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड असली कामं करतो. कटिंग-वेल्डिंग नवऱ्याकडे, गिऱ्हाइकं आणि मापं माझ्याकडे.

सासरी तेव्हा मोठी माणसं तीन होती. सासरे, त्यांना मी बाबा म्हणायची. त्यांची मोठी बोट होती आणि तेच तिचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे आणि बोटीवरच्या माणसांना सांभाळणारे. दुसरे त्यांचे धाकटे भाऊ, आमचे काका. त्यांची बोट लहान होती. तिसऱ्या, काकांच्या बायको, म्हणजे काकी. सासूबाई माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेल्या. काकींना मूल नव्हतं. माझ्या नवऱ्याला त्यांनीच वाढवलं आणि पुढे माझ्या मुलालाही, कारण तो तीन महिन्यांचा झाल्यावर मी कामावर परत गेले.

समुद्रावरची एक रीत मला लग्नानंतर कळली. जिच्यावर मासळी आहे अशा बोटीला जाळं न ओढलेली बोट भेटली, तर तिला कालवणापुरती मासळी द्यायची. समोरच्याने मागायची नसते आणि नको म्हणायचं नसतं. दोन्ही बोटी हळू होतात, काठाला काठ लागतो. एकजण एक पाय आपल्या काठावर ठेवून दुसरा समोरच्या काठावर टाकतो, मासळीची पाटी रिकामी करतो आणि पाय मागे घेतो. इंजिन बंदसुद्धा करत नाहीत. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा काकींचा हात धरला. काकी म्हणाल्या, "तू चालती बस पकडतंस तसाच हाय ता."

माझा मुलगा रांगत होता त्या उन्हाळ्यात उत्तरेत डोंगरांवर लढाई सुरू झाली. टीव्हीवर बर्फ आणि तोफा दिसायच्या. ते तिकडे लांब, असं आम्हाला वाटलं. मग एक दिवस काही वर्दीतली माणसं किनाऱ्यावर आली आणि बोटी बघत फिरू लागली. समुद्रावरचा पहारा वाढवायचा होता आणि सरकारी बोटी पुरत नव्हत्या. मजबूत लाकडाच्या, चांगल्या इंजिनाच्या मच्छीमार बोटी तांडेलासकट भाड्याने घ्यायच्या होत्या. बाबांची बोट त्यांना पसंत पडली. बाबांनाही ते आवडलं असावं. तसं ते म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दाढी केली आणि ट्रंकेतला शर्ट काढला.

काही दिवसांनी बोट खाडीत दिसली तेव्हा ओळखू येईना. निळा-पिवळा रंग जाऊन सगळी करडी झाली होती. नाळेवरचं, म्हणजे पुढच्या टोकावरचं नाव पुसून तिथे पांढरा आकडा घातला होता. जाळी, दोर, बर्फाचे खोके सगळं उतरवून आत झोपायला फळ्या टाकल्या होत्या आणि वायरलेस बसवला होता. पुढे बंदुकीचा स्टँड होता. स्टँडच्या दोन्ही बाजूंना माणसाला उभं राहता यावं म्हणून लोखंडी अँगलचा सांगाडा ठोकला होता, वर जाळीचा पत्रा. तो काठाच्या बाहेर काढलेला होता. काठावर बांधलेले जुने टायर त्याच्या आड येत होते, ते सोडले होते. नवरा जाऊन बघून आला आणि म्हणाला, "काम चांगलं केलंय. वेल्डिंग एकदम साफ."

इंजिन तेवढं जुनंच होतं. त्या इंजिनाचा ठोका वेगळा आहे. काही ठोके सरळ पडतात आणि मधेच एक अडखळतो. काकी चुलीपाशी भाकरी थापता थापता सांगायच्या, "आली बोट." बाकी कोणाला काही ऐकू आलेलं नसायचं.

पावसाळा तोंडावर होता. समुद्र बंद व्हायच्या आधी शेवटची जाळी ओढायची म्हणून काकांची लहान बोट रोज जात होती. गस्तीच्या बोटींनी दिवे लावायचे नाहीत असा हुकूम होता. दिवस मावळल्यावर, पाणी आणि आभाळ एकाच रंगाचं झालेलं असताना, काकांना तो ठोका ऐकू आला. मोठ्या भावाची बोट. भाऊ कित्येक दिवस जाळं टाकत नव्हता, म्हणजे कालवण देणं आलंच. बाबांनीही धाकट्याचं इंजिन ओळखलं आणि आपलं हळू केलं. बोटीवरच्या साहेबाने हरकत घेतली नाही. चांगला माणूस होता, ताजे बोंबील त्यालाही आवडायचे. काकांनी सुकाणू खलाशाकडे दिलं, पाटी कमरेवर घेतली आणि ते काठावर उभे राहिले. बोट त्यांनी नेहमीच्या अंतरावर आणायला लावली. ते अंतर काठाचं होतं. लोखंड त्याच्या अलीकडे आलेलं होतं. लाटेने मोठी बोट उचलली आणि खाली बसवली, तेव्हा काका मधे होते.

काकांनी बोट आवाजावरून ओळखली होती आणि बोट आवाजापेक्षा रुंद झाली होती. मला एवढंच समजतं. चौकशी झाली, ती सभ्यपणे झाली, कोणाचा दोष निघाला नाही. माझ्या मते नव्हताच.

बाबांनीच काकांना घरी आणलं, त्याच बोटीने. काकी ठोका ऐकून उठल्या आणि म्हणाल्या, "आली बोट." मग म्हणाल्या, "एकच कशी?"

पाऊस लागला. बोट किनाऱ्यावर ओढून माडाच्या झापांनी झाकली. एक दिवस भर पावसात बाबा पाना घेऊन गेले आणि झापांखाली शिरून त्यांनी एकेक बोल्ट सोडवला. एका बाजूचा सांगाडा त्यांनी धक्क्यावर व्यवस्थित ठेवला. दुसऱ्या बाजूचा ओढत खाडीपर्यंत नेला आणि पाण्यात लोटला. कोणाची मदत घेतली नाही. सरकारी सामान परत न्यायला माणूस आला तेव्हा त्याने विचारलं, "एकच साइड आहे. दुसरी?"

"पान्यात परली," बाबा म्हणाले.

"पडली कशी?"

"टाकली म्हनून परली."

त्या माणसाने काहीतरी लिहून घेतलं आणि चहा न घेता गेला. त्याबद्दल पुन्हा कोणी विचारलं नाही.

बोट पुन्हा निळी-पिवळी झाली. बोल्टांची भोकं लाकडी खुंट्या ठोकून, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली. हंगाम सुरू करताना बोटीच्या नाळेवर नारळ फोडतात, तो घरातल्या सवाष्णीने. त्या वर्षी बाबांनी नारळ काकींच्या हातात दिला. लोक जमले होते. एक म्हातारा पुढे येऊन म्हणाला, "तांडेल, बोट बुरवाची हाय का?"

"बोट माजी हाय," बाबा म्हणाले. "बुरली तं मी बुरंन. तू किनाऱ्यावर उबा राऊन बग."

काकींनी नारळ फोडला. तेव्हापासून दरवर्षी त्याच फोडतात. बाबांनी अर्धी बोट त्यांच्या नावावर केली. काकांची लहान बोट गुजरातकडच्या कोणाला विकली गेली.

आता जे सांगायचं आहे ते मी शक्य तितकं सरळ सांगते. आमची बोट संध्याकाळी खाडीत शिरते तेव्हा तिच्या ठोक्यामागून आणखी एक ठोका येतो. पलीकडे धक्क्याची दगडी भिंत आहे. आवाज तिच्यावर आपटून परत येतो, हे मी पहिल्या वर्षीच ठरवून टाकलं. नंतर भिंत पडली, नवीन बांधली, तरी तो येतच राहिला. भिंत नव्हती तेव्हाही येत होता. म्हटलं, झाडांवरून येत असेल. पण प्रतिध्वनी असेल तर त्यातही आमचा अडखळणारा ठोका यायला हवा. मागून येणारा ठोका अडखळत नाही. सरळ येतो, लहान इंजिनाचा. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसून तो नीट ऐकला. मग उठले आणि आत जाऊन भांडी घासली.

बाबांनी पुढे बरीच वर्षं बोट चालवली. अंधार पडायच्या सुमाराला ते एका ठरावीक जागी इंजिन हळू करायचे, थोडा वेळ थांबायचे आणि मग निघायचे. खलाशांना सवय झाली. माझा मुलगा शाळा सुटल्यापासून त्यांच्याबरोबर जायला लागला. बापाच्या उलट्या त्याच्याकडे आल्या नव्हत्या. त्याने एकदा विचारलं, "आपण इथे का थांबतो?" बाबा म्हणाले, "असंच." तोही मग तसंच करायला लागला. बाबा गेले आणि तो तांडेल झाला, तरी ते चालू राहिलं.

गेल्या वर्षी मे महिन्यात सरहद्दीवर पुन्हा पेटलं. मोबाइलवर दिवसभर तेच. एका रात्री जेवताना मुलगा म्हणाला, "आई, गस्तीला बोटी बघतायत. आपली बघून गेले."

"आपली जुनी झाली. निम्म्या फळ्या बदलल्यात."

"लाकूड स्ट्राँग आहे म्हणाले. मी सांगितलं, आजोबांच्या वेळी पण ही गेली होती. ते तर खूशच झाले."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. आता त्यांचं वय झालंय, पण कान शाबूत आहेत.

"नारल मी नाय फोरनार," त्या म्हणाल्या.

"आजी, एक-दोन आठवड्यांचं काम आहे. पावसाआधी परत."

"तवापन तसाच सांगितला व्हता."

नवरा म्हणाला, "काकी, देशाचं काम आहे."

"देशाला नारल नको असंल तं जाऊ दे बोट."

पण नारळाशिवाय एकही खलाशी बोटीवर चढला नसता आणि मुलगाही निघाला नसता. मला वाटलं, प्रश्न मिटला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. करड्या रंगाची बोट मला एकदा दिसली होती, तेवढी पुरे होती. पण ताटावरून उठताना मुलगा म्हणाला, "ठीक आहे. मग मी दुसऱ्याच्या बोटीवर जातो. तांडेल कमी पडतायत त्यांना."

म्हणजे तो जाणारच होता. आमच्या बोटीवर की परक्या, एवढंच ठरायचं होतं. परक्या बोटीला कोणी काय ठोकलं असेल ते मला कधीच कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी काकींना समजवायला गेले. त्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबील उलटत होत्या. मी म्हटलं, करडा रंग काही दिवसांपुरता. परत आली की मी स्वतः गाळ्यातली पोरं लावून खरवडून काढते, पूर्वीसारखा वरून मारणार नाही, खाली एक थर राहणार नाही.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "रंगानं कोन मरत नाय गो," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बांबूकडे गेल्या.

संध्याकाळी मुलाने मोबाइलवर ड्रॉइंग दाखवलं. फिटिंग आपल्या ओळखीच्या वर्कशॉपमधून करून घेतलं तरी चालेल असं त्याला सांगितलं होतं, म्हणून तो ते बापासाठी घेऊन आला होता. पुढे स्टँड, दोन्ही बाजूंना उभं राहायला जागा. ती काठाबाहेर होती. मी ड्रॉइंग मोठं करून बघितलं, मग मोबाइल नवऱ्याला दिला. त्यानेही बघितलं. इतक्या वर्षांत त्या सांगाड्यासारखं दुसरं काही आमच्या गाळ्यात कधी बनलं नव्हतं. उलट, गॅलरीचं ग्रिल बाहेर काढून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला नवरा सरळ दुसरीकडे पाठवायचा. मला वाटायचं, ते नगरपालिकेच्या भीतीने.

अमावस्येच्या ओहोटीला, दुपारी, मी टेप घेऊन खाडीत उतरले. बोटीवरच्या बुजवलेल्या भोकांवरून सांगाडा कुठे बसवला होता ते कळत होतं, किती बाहेर होता ते कळत नव्हतं. चिखल गुडघ्यापर्यंत होता. टोक हाताने साफ करायला गेले तर कालवाची धार बोटाला लागली. अँगल बराच खाल्ला गेला होता, पण वेल्डिंगचे टाके शाबूत होते. काम चांगलं केलेलं होतं हे खरंच.

"काय करतंस गो चिखलान?" काकी काठावर येऊन उभ्या होत्या.

"माप घेते."

"उमेल्याच्या केली मोजाच्या सोरून हितं लोखंड मोजतंस?"

"केळी आता कुठे राहिल्यात. काकी, टेपचं टोक धरायला कोणीतरी पाहिजे. एकटीने नीट होत नाही."

मी वाकून चिखल उपसत राहिले. थोड्या वेळाने बाजूला चिखल वाजला. त्यांनी लुगडं वर खोचलं होतं आणि काठी टेकत त्या आत आल्या होत्या. त्या सांगाड्याला त्यांनी कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. बोटी वळसा घालायच्या, त्या तर ओहोटीच्या वेळी या वाटेने यायच्याच नाहीत. मी टेपचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि बोल्टाच्या पट्टीवर कुठे धरायचं ते दाखवलं. दुसरं टोक मी ओढलं.

"किती?"

"दीड हात. थोडा कमीच."

त्यांनी टेप सोडला. मग आपला हात त्या लोखंडावर आडवा ठेवला, कोपरापासून बोटांपर्यंत. बोटांच्या जागी कोपर आणून पुन्हा ठेवला. दुसऱ्यांदा हात पुरा बसला नाही, अर्धा पुढे राहिला.

"यवराच?"

"एवढाच."

"मना वाटला व्हता लय असंल."

भरती लागायला वेळ होता. त्या तिथेच उभ्या राहिल्या, मीही राहिले. पाणी पायांशी आलं. मग मी म्हटलं, "काकी, मी नवीन करते ते आत घेते. काठाच्या बाहेर बोटभरसुद्धा येणार नाही."

"आत घेयाचा तं ह्या मोजलास कशाला?"

मी टेप पुसून गुंडाळला.

बोटींचं फिटिंग बघणारा माणूस वालीवला आमच्या गाळ्यात आला. तरुण होता, बाहेरगावचा, उन्हाने भाजलेला. मी त्याला आतून घेतलेलं माप दाखवलं. तो म्हणाला, "मॅडम, ड्रॉइंगमध्ये बाहेर आहे."

"बाहेर असेल तर धक्क्याला लागताना अडकेल. दुसरी बोट बाजूला आली तर तिला लागेल."

"दुसरी बोट बाजूला येऊच द्यायची नाही ना. गस्तीची आहे."

"ती येणार. तुम्ही नाही म्हटलं तरी येणार. या लोकांची रीत आहे ती."

त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचंही खरं होतं. माणसाला वाकून पाण्यालगत, बोटीच्या कुशीपर्यंत दिसायला हवं, आत उभा राहिला तर काठ आड येतो. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. शेवटी नवऱ्याने सुचवलं, बाहेर काढायचं नाही तर वर उचलू. वीतभर उंच केलं की वाकून दिसेल. त्याने जमिनीवर दोन अँगल टाकून, वर पत्रा ठेवून त्या तरुणाला उभं केलं. खाली बादली ठेवली आणि विचारलं, "बादली दिसते?"

"दिसते."

"पाय मावतात?" मी विचारलं.

"मावतात. पण वरून परवानगी घ्यावी लागेल."

"घ्या. आम्ही कटिंग सुरू करतो."

"परवानगी यायच्या आधी? मॅडम, घरी पण असंच चालतं का तुमचं?"

नवरा ग्राइंडर लावता लावता म्हणाला, "घरी तर ड्रॉइंगपण नसतं."

परवानगी आली. ती सांगायला आलेल्या त्या तरुणाने निघताना आपणहून सांगितलं की काठावरचे टायर सोडू नका, राहू द्या. ते मला सुचलं नव्हतं. मी त्याला वाळवलेले बोंबील बांधून दिले.

बोट करडी झाली. नाव पुसलं, आकडा आला. सांगाडा बसवताना जुन्या भोकांपैकी एकही वापरायचं नाही असं मी सांगितलं होतं, पण दोन ठिकाणी नाळेजवळचं लाकूड तिथेच धड होतं, म्हणून जुन्या खुंट्या काढाव्या लागल्या. खुंटी निघाली तेव्हा आतून पाण्याची धार आली. साठलेलं पाणी असणार. खारं होतं. वेल्डिंगवाल्या पोराने हात पुसले आणि विचारलं, "काकू, बोट तर कधीची बाहेर आहे ना?" मी म्हटलं, लाकूड पाणी धरून ठेवतं, तू बोल्ट आवळ.

निघायच्या दिवशी काकी किनाऱ्यावर आल्या. नारळ माझ्या हातात होता. त्यांनी तो घेतला नाही. आधी त्या बोटीच्या नाळेपाशी गेल्या, काठावर तळवा टेकवला आणि तसाच ठेवून चालू लागल्या. बोट चिखलात टेकलेली होती, काठ त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. टायर आला की हात त्यावरून घसरवून पुढे. सांगाड्याच्या जागी त्या थांबल्या, तळवा काठाबाहेर सरकवून पाहिला, वर नेला, खाली नेला. हवेशिवाय काही लागलं नाही. मागच्या टोकाला वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूने परत आल्या. वर्दीतली माणसं आणि खलाशी बाजूला सरले. मुलगाही खाली उतरून उभा राहिला.

"आन नारल," त्या म्हणाल्या.

भरतीला बोट निघाली. आम्ही दोघी ओट्यावर आलो. ठोका खाडीच्या तोंडाकडे गेला, सरळ, सरळ आणि मधे अडखळून. त्याच्या मागून दुसरा गेला. आजवर तो येताना ऐकला होता, जाताना कधीच नाही. मी काकींकडे बघितलं.

"भिंतीवरून येतो," मी म्हटलं.

"असंल," काकी म्हणाल्या.

पावसाच्या आधी मुलगा परत आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, पण बाकी ठीक. अंघोळ करून जेवायला बसला. बरंच काही सांगत होता: साहेब कसा होता, वायरलेसवर कोण काय बोलायचं, एकदा गावातल्याच बोटीने बाजूला येऊन पाटीभर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, टाकली तेव्हा साहेब कसा दचकला. काकी ऐकत होत्या.

"काठाला काठ लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला की. टायरला टायर." त्याने भाताचा घास घेतला. मग म्हणाला, "एक दिवस गंमत झाली. अंधार पडत होता. आजोबा थांबायचे ना, त्या बाजूला होतो. मला वाटलं, कोणीतरी येतंय बाजूला. लहान इंजिन होतं. साहेबालाही ऐकू आलं. मी हळू केलं, थांबलो. कोणीच आलं नाही."

नवऱ्याने ताटातून वर पाहिलं नाही.

"थांबलास ना?" काकींनी विचारलं.

"थांबलो. साहेब बोलला, चल, चल. म्हटलं, दोन मिनिटं."

"मंग झाला," काकी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "त्याला कालवन वार गो. ताट कोरडा हाय."

मी वाढलं. नवीन सांगाडा आता सोडवून वालीवला गाळ्याच्या माळ्यावर ठेवला आहे. जागा अडते, भंगारवाला दोनदा विचारून गेला. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही.